नाण्यांवरची कॉन्कॉर्ड आणि २१ जानेवारी १९७६

नाणकयात्री (धागाकर्ता):

कॉन्कॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान ब्रिटिश-फ्रेंच विमानाच्या प्रवासी सेवेला २१ जानेवारी २०२६ रोजी पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने नाणी, पदकं, सोन्याचा मुलामा दिलेले संच यांच्या जाहिराती संग्राहकांपर्यंत पोचत असतील. नव्या नाण्यांची यादी टांकसाळींच्या संकेतस्थळांवर मिळेल, ती इथे देत नाही. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. या विमानाच्या आयुष्यातला कुठला दिवस नाण्यावर यायला हवा?

माझं मत आधीच सांगतो. तो दिवस २१ जानेवारी १९७६ हाच.

बहुतेक स्मरणवस्तू दोन दिवसांभोवती फिरतात. एक २ मार्च १९६९. त्या दिवशी तुलूझला आंद्रे तुर्का यांनी ००१ हे पहिलं विमान उडवलं. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला, ब्रायन ट्रबशॉ यांनी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनहून ००२ उडवलं. दुसरा दिवस निरोपाचा, २४ ऑक्टोबर २००३, ब्रिटिश एअरवेजची शेवटची प्रवासी उड्डाणं. पहिला दिवस वैमानिक आणि अभियंत्यांचा, शेवटचा चाहत्यांचा. पण प्रवासी विमान म्हणून कॉन्कॉर्ड जन्माला आलं ते मधल्या दिवशी. लंडनच्या घड्याळात ११ वाजून ४० मिनिटं झाली तेव्हा हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेजचं विमान बहारीनकडे आणि पॅरिसहून एअर फ्रान्सचं विमान डाकारमार्गे रिओ द जानेरोकडे एकाच वेळी निघालं. तिकीट काढलेला सामान्य प्रवासी (भाडं सामान्य नव्हतं, हे खरं) त्या दिवसापासून ध्वनीपेक्षा दुप्पट वेगाने जाऊ लागला.

बहारीन आणि रिओ का, न्यूयॉर्क का नाही, हा प्रश्न संग्राहकानेही विचारावा. दोन्ही कंपन्यांना न्यूयॉर्कच हवं होतं. अमेरिकेत आवाजावरून विरोध होता, परवानगी मिळत नव्हती. वॉशिंग्टनची सेवा २४ मे १९७६ ला सुरू झाली, न्यूयॉर्कची थेट २२ नोव्हेंबर १९७७ ला, तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. म्हणजे जानेवारीतली ती दोन उड्डाणं दार बंद असताना केलेली सुरुवात होती. म्हणून मला तो दिवस जास्त मोलाचा वाटतो.

तुमच्याकडे काय आहे, काय पाहिलंय, ते लिहा. फोटो असतील तर कडेचा फोटोही टाका, फक्त दर्शनी बाजूचा नको.

टपालपेटी:

उत्तम विषय. मी नाण्यांचा नाही, तिकिटांचा माणूस, पण तुमच्या मुद्द्याला टपालाच्या बाजूने पुरावा देतो.

ब्रिटनने ३ मार्च १९६९ ला कॉन्कॉर्डची तीन तिकिटं काढली: ४ पेन्स, ९ पेन्स आणि १ शिलिंग ६ पेन्स. फ्रान्सने पहिल्या उड्डाणासाठी १ फ्रँकचं हवाई टपाल तिकीट काढलं. १९७६ मध्ये मात्र फ्रान्सने पॅरिस–रिओ सेवेसाठी १.७० फ्रँकचं तिकीट काढलं आणि ब्रिटनने काहीच काढलं नाही. त्या वर्षीच्या ब्रिटिश तिकिटांवर टेलिफोनची शताब्दी आहे, गुलाब आहेत, समाजसुधारक आहेत, छपाईची पाचशे वर्षं आहेत. बहारीनचं उड्डाण नाही. प्रत्यक्ष सेवेचा दिवस दुर्लक्षित राहिला, हे तुमचं म्हणणं ब्रिटनपुरतं टपालातही खरं ठरतं.

२१ जानेवारीच्या दोन्ही उड्डाणांतून नेलेली पाकिटं मात्र आहेत आणि आजही मिळतात. लंडनचा आणि बहारीनचा शिक्का एकाच पाकिटावर असेल तर ती वस्तू खरोखर त्या विमानातून गेलेली. कुठल्याही नाण्याला हे भाग्य नाही.

विमानवेडी:

दोघांनाही धन्यवाद. मला चित्रांबद्दल लिहायचंय, कारण नाण्यांवरच्या कॉन्कॉर्डमध्ये तपशिलाच्या चुका सर्रास दिसतात आणि त्या ओळखता आल्या की संग्रह करायला वेगळीच मजा येते.

१९६९ चं वर्ष छापलेल्या नाण्यावर किंवा पदकावर शेपटीकडचा भाग बघा. ००१ आणि ००२ या प्रारूप विमानांचं शेपटीचं टोक आखूड होतं. कॉकपिटपुढचं आवरणही वेगळं, धातूचं, त्यात अगदी लहान खिडक्या. नंतर सेवेत आलेल्या विमानांना पुढे पारदर्शक आवरण आणि मागे लांब निमुळतं टोक आलं. पहिल्या उड्डाणाच्या स्मरणवस्तूवर लांब शेपटीचं विमान असेल, तर ते त्या दिवशी उडालेलं विमानच नाही.

दुसरं, नाक. उड्डाणाच्या वेळी नाक ५ अंश खाली, उतरताना १२.५ अंश खाली, कारण तसं न करता वैमानिकाला धावपट्टी दिसली नसती. वेग घेतल्यावर नाक सरळ आणि आवरण वर. नाक झुकलेलं, चाकं आत आणि भोवती वेगाच्या रेषा असं चित्र दिसलं तर कलाकाराने विमानतळावरच्या फोटोवरून काम केलंय असं समजा.

कलाकाराची अडचणही खरी आहे. विमान ६१.६६ मीटर लांब आणि पंखांची रुंदी जेमतेम २५.६ मीटर. गोल चकतीवर ते आडवं ठेवलं तर वर-खाली निम्मी जागा मोकळी राहते आणि विमान अगदी बारीक दिसतं. म्हणून बहुतेक जण ते तिरकं, वर चढताना दाखवतात. मला स्वतःला वरून दिसणारा आकार सर्वांत आवडतो, कारण पंखाची ती नागमोडी कड फक्त वरूनच नीट कळते. १९६९ च्या ९ पेन्सच्या तिकिटावर वरचा आणि बाजूचा असे दोन्ही आकार एकत्र आहेत, आणि मला ती मांडणी आजवरची सर्वांत चांगली वाटते.

नाणकयात्री:

विमानवेडी, शेपटीचा मुद्दा कॅटलॉगमध्ये कुठेही वाचला नव्हता. माझ्याकडचं सगळं भिंगाखाली घालतो.

टपालपेटी, पाकिटांबद्दल पूर्ण सहमत.

सराफकट्टा:

धागा वाचणाऱ्या नवीन मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जाहिरातीत 'कॉन्कॉर्ड कॉइन' म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं नाणं नसतं, पदक असतं. दर्शनी मूल्य नाही, कुठल्या सरकारचं वा बँकेचं नाव नाही, म्हणजे ते पदक किंवा टोकन. त्यात कमीपणा नाही. पदकाच्या कलाकाराला दर्शनी मूल्य आणि राजमुद्रा बसवायची नसते, त्यामुळे कित्येकदा पदकावरचं काम जास्त देखणं असतं. पण पैसे देताना आपण काय घेतोय ते माहीत असावं.

ओळखायच्या खुणा कडेवर असतात, म्हणून धागाकर्त्याने कडेचा फोटो मागितला ते योग्यच आहे. पॅरिसच्या टांकसाळीच्या पदकांच्या कडेवर समृद्धीच्या शिंगाची बारीक खूण आणि धातूचं नाव असतं. ब्रिटिश चांदीच्या पदकावर हॉलमार्क असतो: चालता सिंह म्हणजे ९२५ ची चांदी, बिबट्याचं मुख म्हणजे लंडनची तपासणी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची. वर्षाचं अक्षरही बहुधा असतं, त्यावरून पदक १९६९ चं की नंतरचं ते कळतं. यातलं काहीच नसेल आणि नुसता पिवळा चकचकाट असेल, तर तांब्या-पितळेवर मुलामा आहे असं धरून चाला आणि त्याच हिशोबाने भाव द्या.

कोकणकडा:

ऑल्डर्नीचं २००३ चं पाच पाउंडांचं नाणं माझ्याकडे आहे, शेवटच्या उड्डाणाचं. क्युप्रो-निकेल, म्हणजे तांबं-निकेलचं, साधं. क्राउन या मोठ्या ब्रिटिश नाण्याचा नेहमीचा आकार, ३८.६१ मिलिमीटर व्यास आणि २८.२८ ग्रॅम वजन. हातात घेतल्यावर बरं वाटतं, भरीव आहे.

पण एक प्रश्न नेहमी पडतो. ऑल्डर्नी हे इंग्लिश खाडीतलं जेमतेम दोन हजार वस्तीचं बेट. त्याचा कॉन्कॉर्डशी काय संबंध? असं नाणं संग्रहात घ्यावं का?

नाणकयात्री:

घ्यावं. लहान प्रदेशांच्या नावाने स्मरणनाणी काढायची ही जुनी पद्धत आहे. त्यातून प्रदेशाला उत्पन्न मिळतं आणि संग्राहकाला विषय. ती चलनात फिरत नाहीत हेही उघड आहे. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? आपली पहिली स्मरणनाणी १९६४ ची, नेहरूंची, एक रुपया आणि पन्नास पैसे. ती लोकांच्या खिशात फिरली. आताची शंभर किंवा त्याहून मोठ्या रकमेची नाणी टांकसाळीतून दर्शनी मूल्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला येतात आणि थेट कपाटात जातात. त्यामुळे ऑल्डर्नीला वेगळा न्याय लावायचं कारण मला दिसत नाही.

माझा निकष एवढाच की नाण्यावरचा प्रसंग आणि विमान एकमेकांशी जुळतात का. तुमच्या नाण्याचा विषय निरोप आहे आणि ते निरोपाच्याच वर्षी निघालं, त्या अर्थी ते समकालीन आहे. वीस-तीस वर्षांनी मागे वळून काढलेल्या नाण्यापेक्षा मला समकालीन नाणं नेहमी जास्त भावतं.

मॉस्कोमराठी:

मंडळी, सगळे कॉन्कॉर्डबद्दलच बोलताय, पण ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानांचा पहिला मान तुपोलेव तू-१४४ चा आहे. पहिलं उड्डाण ३१ डिसेंबर १९६८, म्हणजे कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी. ध्वनीचा वेग ओलांडला ५ जून १९६९ ला. कॉन्कॉर्डने तो १ ऑक्टोबरला ओलांडला. ध्वनीच्या दुप्पट वेगही आधी तू-१४४ नेच गाठला, २६ मे १९७० ला. कॉन्कॉर्ड तिथे नोव्हेंबरमध्ये पोचलं.

आणि नाणंही आहे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने रशियन विमानविद्येच्या इतिहासावर चांदीच्या एक रूबलच्या नाण्यांची मालिका काढली, त्यात २०११ साली तू-१४४ आलं. नाणं लहान आहे, पण सुबक. इथे तर थेट मध्यवर्ती बँकेचं नाणं आहे, कुठल्या बेटाचं नाही.

नाणकयात्री:

मॉस्कोमराठी, सगळ्या तारखा मान्य आहेत आणि ते नाणं माझ्या यादीत वरच आहे. पण याच तारखांमुळे माझा मुद्दा पक्का होतो. उड्डाणाचा पहिला मान तू-१४४ चा, प्रवासी सेवेचा कॉन्कॉर्डचा. तू-१४४ ची मॉस्को–आल्मा-आता सेवा डिसेंबर १९७५ मध्ये सुरू झाली ती टपाल आणि मालवाहतुकीसाठी. प्रवासी बसले १ नोव्हेंबर १९७७ ला. सेवा १ जून १९७८ ला थांबली आणि प्रवासी फेऱ्या झाल्या ५५. कॉन्कॉर्ड सत्तावीस वर्षं उडालं.

मॉस्कोमराठी:

५५ फेऱ्या हे खरं. पण ज्यांनी ते विमान घडवलं त्यांच्याविषयी बोलताना मला तो आकडा पुरेसा वाटत नाही. ३ जून १९७३ ला पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात त्यांचं विमान कोसळलं, सहा कर्मचारी आणि जमिनीवरचे आठ जण गेले. त्यानंतरही त्यांनी काम सोडलं नाही. आतला आवाज, इंजिनांची इंधनाची भूक, सगळ्याशी ते झगडत राहिले. नाण्याने फक्त यशाचाच दिवस मोजावा असं मला वाटत नाही. प्रयत्न किती मोठा होता हेही नाण्याने सांगावं.

नाणकयात्री:

हे मनापासून पटलं. तुमच्याशी या बाबतीत वाद नाही.

विमानवेडी:

तू-१४४ चं नाणं घेणाऱ्यांसाठी खूण: कॉकपिटच्या मागे दोन छोटे पंख दिसतात का बघा. कमी वेगात नाक वर धरायला मदत म्हणून ते बाहेर येत आणि वेगात आत मिटत. कॉन्कॉर्डला ते नव्हते. तू-१४४ च्याही अगदी पहिल्या प्रारूपाला नव्हते.

स्टुटगार्टकर:

ही दोन्ही विमानं शेजारी शेजारी बघायची असतील तर जर्मनीत झिन्सहाइमच्या तंत्रसंग्रहालयात या. छतावर दोन्ही उभी आहेत आणि दोन्हींच्या आत जाता येतं. तिथे गेल्यावर नाण्यावरचं चित्र किती अचूक आहे हे लगेच समजतं. तू-१४४ प्रत्यक्षात बरंच धिप्पाड वाटतं.

सांताक्रूझवाला:

आपल्याकडच्या दुव्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवले होते. पॅन अ‍ॅम, टीडब्ल्यूए, क्वांटास, जपान एअरलाइन्स, लुफ्थान्सा अशा विमान कंपन्यांच्या मोठ्या यादीत आपलं नाव होतं. ३१ जानेवारी १९७३ ला पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूएने अंग काढून घेतलं आणि मग बाकीचेही गळाले. उरल्या त्या ब्रिटन आणि फ्रान्सच्या दोन सरकारी कंपन्या. एकूण विमानं बनली २०, सेवेत आली १४.

१९७२ च्या जूनमध्ये ००२ पूर्वेच्या विक्रीदौऱ्यावर असताना मुंबईलाही आलं होतं. माझे वडील तेव्हा विमानतळावर नोकरीला. त्यांच्या सांगण्यात आवाजापेक्षा चाकांचे लांब पाय आणि झुकलेलं नाकच जास्त यायचं.

पुढे ब्रिटिश एअरवेजने सिंगापूर एअरलाइन्सबरोबर लंडन–बहारीन–सिंगापूर सेवा डिसेंबर १९७७ मध्ये सुरू केली. भारताने आपल्या भूमीवरून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जायला नकार दिला, त्यामुळे विमान दक्षिणेकडून समुद्रावरून वळसा घालून जाई. मलेशियाच्या आक्षेपामुळे सेवा तीन फेऱ्यांतच थांबली, जानेवारी १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबर १९८० ला कायमची बंद. त्या काळात जी-बीओएडी या विमानाच्या डाव्या बाजूला सिंगापूर एअरलाइन्सचे रंग होते आणि उजव्या बाजूला ब्रिटिश एअरवेजचे.

नाण्याला दोन बाजू असतात. एका बाजूला डावा कॉन्कॉर्ड, दुसऱ्या बाजूला उजवा. असं नाणं कोणी काढलं तर मी पहिल्या दिवशी घेईन.

टपालपेटी:

वा, सांताक्रूझवाला! ही कल्पना कुठल्यातरी टांकसाळीला खरंच पाठवा. जी-बीओएडी सध्या न्यूयॉर्कला इंट्रेपिड संग्रहालयात आहे, चित्रकाराला मोजमाप घ्यायलाही मिळेल.

अभियंता_ठाणे:

मला एका वेगळ्या कारणासाठी या नाण्यांचं आकर्षण आहे. हे विमान उडताना तापून वाढायचं. ध्वनीच्या दुप्पट वेगात नाकाच्या टोकाचं तापमान १२७ अंश सेल्सिअसपर्यंत जाई आणि अख्खं विमान सुमारे २० सेंटिमीटर लांब होई. त्यासाठीच वेगाची मर्यादा ठेवली होती, नाहीतर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू टिकला नसता. फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी उड्डाणात फट पडायची आणि खाली उतरल्यावर मिटायची. शेवटच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी त्या फटीत आपली टोपी सरकवून ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली आणि टोपी कायमची आत राहिली.

धातू तापतो आणि पसरतो हे आपण शाळेत शिकतो, इथे शंभर प्रवासी घेऊन उडणाऱ्या यंत्रात ते रोज घडत होतं. विमानाच्या स्मरणासाठी कागदापेक्षा धातूची वस्तू मला त्यामुळेच जास्त योग्य वाटते. टपालपेटी, राग मानू नका.

टपालपेटी:

राग कसला! फक्त बहारीनचा शिक्का विसरू नका म्हणजे झालं.

कोकणकडा:

एक अवघड विषय काढतो. २५ जुलै २००० चा, पॅरिसजवळच्या गोनेसचा कॉन्कॉर्डचा अपघात. ११३ माणसं गेली, त्यातली चार जमिनीवरची. त्यानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली, पण २००३ मध्ये ती संपलीच. स्मरणनाण्यांच्या संचातल्या माहितीपत्रकांत हा अपघात अनेकदा गाळलेला असतो. मला ते खटकतं.

नाणकयात्री:

मलाही. नाण्यावर अपघात नको, पण सोबतच्या पत्रकात त्या माणसांचा उल्लेख हवाच. मी माझ्या अल्बममध्ये २००३ च्या नाण्याशेजारी हाताने लिहिलेलं कार्ड ठेवतो, त्यावर अपघाताची तारीख आणि ११३ हा आकडा आहे.

नवखी_संग्राहक:

सगळा धागा वाचून काढला, खूप शिकायला मिळालं. मी नुकतीच सुरुवात केली आहे, बजेट लहान आहे. कॉन्कॉर्डपासून सुरुवात करायची तर पहिलं काय घेऊ? आणि परदेशातून मागवू की इथेच शोधू?

नाणकयात्री:

ताई, आधी १९६९ ची ती तीन ब्रिटिश तिकिटं घ्या. भरपूर छापली गेली, स्वस्त मिळतात आणि चित्रं उत्तम आहेत. (टपालपेटी, हे तुमच्यासाठी.) मग एखादं क्युप्रो-निकेलचं पाच पाउंडांचं नाणं. चांदीची आवृत्ती नंतर. चित्र तेच असतं, त्यामुळे चांदीसाठी घाई नको.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच भाव काढा, स्वस्त वाटणारं नाणं त्यात दुप्पट होऊ शकतं. पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनांत परदेशी नाण्यांचे स्टॉल असतात. तिथे हातात घेऊन, भिंगातून बघून घेता येतं. प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेलं) नाणं असेल तर बोटं कडेलाच लावा, आरशासारख्या पृष्ठभागावरचा ठसा नंतर जात नाही. आणि कुठलंही नाणं घासूनपुसून चमकवू नका.

सराफकट्टा:

त्यात भर: मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. टणक कॅप्सूल घ्या, ३८.६१ मिलिमीटरची सहज मिळते.

नवखी_संग्राहक:

खूप आभार. २१ जानेवारी १९७६ ला उडालेली ती दोन विमानं आज कुठे आहेत?

विमानवेडी:

दोन्ही सुखरूप आहेत. ब्रिटिश एअरवेजचं जी-बीओएए स्कॉटलंडमध्ये ईस्ट फॉर्च्युनच्या राष्ट्रीय विमान संग्रहालयात, एअर फ्रान्सचं एफ-बीव्हीएफए वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात. नाण्यावर किंवा पदकावर नोंदणी क्रमांक कोरलेला असेल आणि प्रसंग २१ जानेवारीचा असेल, तर या दोनपैकीच एक असायला हवा. घेण्याआधी तेवढं भिंगातून बघा.